मसुद्यातलं एक वाक्य

वैद्यकीय नियतकालिकाला शोधनिबंध पाठवायचा म्हटलं की शब्दमर्यादा, तक्ते, संदर्भांची मांडणी यांची धावपळ सुरू होते. तेही करावंच लागतं. पण मुस्लिम वस्तीतल्या स्त्रियांच्या रक्तक्षयावरचा आमचा मसुदा तयार करताना माझा सर्वांत जास्त वेळ एका वाक्यात गेला. एका सहकाऱ्याने निष्कर्षात धर्म हे रक्तक्षयाचं ‘कारण’ म्हणून लिहिलं होतं.

एकदाच केलेल्या पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो. कारण सिद्ध होत नाही. अशा अभ्यासांच्या लेखनासाठी २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘स्ट्रोब’ ही २२ मुद्द्यांची यादी आहे. निकालावर परिणाम करणाऱ्या इतर घटकांचा हिशेब कसा केला आणि अभ्यासाच्या मर्यादा काय, हे ती स्पष्ट लिहायला सांगते. उत्पन्न, शिक्षण, बाळंतपणांची संख्या यांचा हिशेब न मांडता धर्माकडे बोट दाखवणं हे संशोधन नव्हे, पूर्वग्रह आहे.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखकाने मजकुराची जबाबदारी घ्यायची असते. म्हणजे माझं नाव असेल, तर ते वाक्य माझंही. मी ते बदलायचा आग्रह धरला.

कारण छापलेलं वाक्य तिथेच थांबत नाही. ते बातमीत जातं, मग दवाखान्यात येतं. ‘तुमच्यात असंच असतं’ असं एखाद्या बाईला ऐकवलं जातं, आणि तिची हिमोग्लोबिन तपासणी, लोहाच्या गोळ्या, रोजचं जेवण यांबद्दलचं बोलणं राहूनच जातं.