शनवारचा रविवार

रविवार म्हणजे सुट्टी, हे गणित आपल्याला इतके पाठ असते की ते कधी बदलेल असे वाटतच नाही. नोकरीनिमित्त दोन वर्षे इस्रायलमधील लोद गावी राहिलो, आणि ते बदलले. तिथे रविवारी सकाळी कचेरी आणि सुट्टी शनिवारी! शुक्रवारी सूर्य मावळला की बस बंद, दुकाने बंद. एकट्या माणसाने त्या दिवशी जेवायचे कुठे?

माझी सोय पनवेलने केली. शेजारच्या इमारतीत एक आजी राहत, माहेर पनवेलचे. १८४९ साली बांधलेले आमच्या गावचे बेथ एल सिनेगॉग त्यांच्या लहानपणीचे. कोकणात या बेने इस्रायल मंडळींना 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी तो बंद ठेवणारे. मी पनवेलचा म्हणताच आजींनी हुकूम सोडला, "दर शनवारी प्रार्थना आटोपली की इथेच जेवायचं."

शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून सारे आदल्या दिवशीच रांधलेले. पेल्यात काळ्या मनुकांचे सरबत. मांसाबरोबर दूधदही निषिद्ध. पण कोकणच्या सुगरणीला त्याची काय अडचण? नारळाचा रस आहे ना!

एकदा मी विचारले, "आजी, इथं आल्याचं सार्थक झालं?"

"झालं की. पण पनवेलात आम्हांला कुणी पुरावा मागितला नव्हता, बाळा. आपला म्हणून ज्या देशात आलो, तिथं विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून?"

खरेच होते ते. १९६१च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करायला लावली. मंडळी रस्त्यावर उतरली, तेव्हा १९६४ साली संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. आजींचे लग्न त्याच धामधुमीतले.

नातवंडे मात्र आपसांत हिब्रूच बोलत. "प्रार्थना त्यांना माझ्याहून छान येते," आजी म्हणत, "पण मला रागवायला मराठीच लागते, आणि ती कुणाला कळत नाही!" हसत म्हणत, पण हात ताटावर थबकलेला असे.

इतक्यात धाकट्या नातवाने ताट पुढे केले, "आजी, अजून वाढ!"

आजींनी माझ्याकडे पाहिले. "एवढे तीन शब्द राहिले तरी पुष्कळ," म्हणाल्या, आणि त्याला भात वाढला.