आधी पाय, मग डाव

चि. सोनू,


तुझा काल रात्रीचा निरोप ऐकला आणि झोपच उडाली. रोज तेच तेच, स्टान्स, पाऊल, पट, परत स्टान्स. मी कुस्ती शिकायला आलेय, कवायत करायला नाही, असं म्हणालीस. सकाळच्या मेहनतीला दांडी मारून खोलीत मोबाइलवर डाव बघतेस, हेही वर सांगितलंस. आण्णांच्या नातीनं हे बोलावं? तुझ्या बाबाला मी काही कळवलेलं नाही. तो लगेच गाडी काढेल.

अगं, कोच काय करून घेतायत ते जरा समजून घे. तू मातीत वाढलीस. मातीत पाय रुततो, त्या रुतण्याचाही आधार असतो, आणि खडाखडीत हवा तेवढा वेळ काढता येतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पाऊल बाहेर पडलं की समोरचीला गुण. तिथं पायांना सगळं नव्यानं शिकवावं लागतं. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांना नवेच होते, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. गोळेश्वरच्या त्या मल्लालासुद्धा गादी वेगळी शिकावी लागली, मग तुला का नको?

एकेरी पटाचंच घे. व्हिडिओत तुला पाय उचलला जातो तेवढं दिसतं. त्याआधीचं सगळं इतक्या चटकन होतं की नजरेत येत नाही. खाली जायचं ते गुडघ्यातून, कमरेत वाकून नाही. पुढचं पाऊल समोरचीच्या पायाशी खोल पडायला हवं, आणि मागचा पाय तिथंच लोळत न राहता लगेच ओढून घ्यायला हवा. डोकं वर, कानशील तिच्या बरगड्यांना चिकटलेलं, हात गुडघ्यामागे. मान खाली गेली की ती अंग टाकते, गर्दन धरते आणि मागे जाऊन ताबा घेते. गेल्या जत्रेत तुझं नेमकं हेच झालं होतं, मी कडेला बसून बघत होते. म्हणून सावकाश घोट. आधी एकटीनं, मग जोडीदारीण नुसती उभी असताना, मग तिनं अर्धा जोर लावल्यावर. शेवटी लढत. घाईत घोटलेली चूकही तितकीच पक्की बसते आणि मग निघता निघत नाही. मोबाइल हवाच असेल तर तो बाजूला उभा करून स्वतःचा पट टिप आणि रात्री तो बघ.

मला तालमीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, ते तुला माहीत आहेच. आण्णा अंगणातच जोर-बैठका घालून घेत. पुढे ज्यूदोला गेले तर तिथं उचिकोमी! जोडीदाराला पाडायचं नाही. नुसतं आत शिरायचं, तोल मोडायचा, बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं. संध्याकाळच्या संध्याकाळी त्यात जात. आणि हा काही जपान्यांनीच काढलेला मार्ग नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला तो पैलवानांच्या मेहनतीसाठीच. एरंडेल चोळलेला मुका खांब, त्याच्याशी पकडी आणि तिढे घोटायचे. आज तो स्वतंत्र खेळ झाला, पण मुळात ती तुझ्या स्टान्स-पटासारखी कवायतच.

ज्यूदोत उचिकोमीच्याही आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर सपकन मारायचा. तू अजून मागे पडताना हात टेकवतेस, मनगट जाईल एखाद्या दिवशी. ते आधी सोड.

आणि घोटण्याचा उपयोग कधी होतो ते बघ. रिओ ऑलिंपिकला 2016 साली साक्षी मलिक ब्राँझच्या कुस्तीत पाच-शून्य मागे होती. संपता संपता फिरवली आणि आठ-पाचनं जिंकली. त्या घडीला दम संपलेला असतो, डोकं चालत नाही. घोटून ठेवलेलं तेवढंच अंग करतं.

आता खरी काळजी. तुझी आई सहज बोलून गेली की पन्नास किलोत बसायला तू रात्रीचं जेवण बंद केलंयस. सोनू, हे मला अजिबात मान्य नाही. विनेश फोगाटनं 2024 ला पॅरिसमध्ये जपानच्या सुसाकीला हरवलं, फायनल गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा 100 ग्रॅम पुढे गेला. रात्रभर घाम गाळूनही. ती मुरलेली मल्ल होती. तुझं अंग अजून वाढतंय. उपाशी पोटी पट घोटलास तर गुडघे वाकणार नाहीत, कमरेतून वाकशील, आणि तेच अंगात बसेल. कंटाळा येतो म्हणतेस तोही मला भुकेचाच वाटतो. चक्कर येते का? पाळी वेळेवर आहे ना? लाजू नकोस, मला लिही किंवा आईला सांग, पण लपवू नकोस.

उद्यापासून सकाळी गादीवर जा. आणि कोचचा नंबर मला पाठव. मेहनत कशी घ्यावी यात मी एक शब्द बोलणार नाही. तुझा वजनगट वरचा करा, एवढंच सांगणार आहे.

तुझी,
आत्या