जे अजून घडलेलं नाही

पंचाहत्तरी ओलांडल्यावर शेजारच्या काकांनी एक नेम केला. यापुढे जे घडलं तेवढंच वाचायचं. "जे घडलंच नाही ते वाचायला आता सवड कुणाला आहे?" असं म्हणत त्यांनी घरातल्या कथा-कादंबऱ्यांचे गठ्ठे बांधून वाचनालयाला देऊन टाकले. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर चरित्रं आली, युद्धांचे इतिहास आले, नकाशांची जाडजूड पुस्तकं आली. काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या वाणिज्य विभागात झाली. भाडेदर, सवलती, वजनं, अंतरं. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मजा आहे, कारण ते खरोखर वाचतात. 'आपण बुवा फक्त नॉनफिक्शन' असं लग्नाच्या पंगतीत अभिमानानं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. खोदून विचारलं तर पहाटे पाचला उठून श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारं एखादं पुस्तक निघतं, तेही अर्ध्यावर टाकलेलं. काका त्यांतले नव्हेत.

त्यांनीच मला एका पावसाळ्यात राउल हिल्बर्गचा युरोपातल्या ज्यूंच्या संहारावरचा ग्रंथ दिला. 1961 साली निघालेला हा ग्रंथ या विषयाचा पाया समजला जातो. हिल्बर्ग हुंदके देत नाही. तो जर्मन कचेऱ्यांतले कागद वाचतो. कुणी कुणाला लिहिलं, कुणाची सही, कुणाची पोच. बाहेर धो धो पाऊस आणि आत मी या कागदांच्या जंगलात. पुस्तकात एका ठिकाणी काकांनी रेल्वेच्या जुन्या पासाचा तुकडा खूण म्हणून घातला होता. ते पान होतं भाड्याचं.

छावण्यांकडे माणसं नेण्यासाठी जर्मन रेल्वे रीतसर भाडं आकारत होती. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून अधिक माणसं एका गाडीत असली तर घाऊक सवलत. जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी, आणि बरोबरच्या पहारेकऱ्यांसाठी जाण्यायेण्याचं. पैसे पाठवणाऱ्या खात्याकडून वसूल. वाहतूक मात्र मालाच्या डब्यांतून.

"हे कुठल्या कादंबरीवाल्याला सुचलं असतं?" काकांनी विचारलं. मी गप्प बसले. खरंच सुचलं नसतं. सुचलं असतं तर त्यानं ते खोडलं असतं, फार झालं म्हणून. अर्ध्या तिकिटाची ही नोंद करणारा कारकून कुणी राक्षस नव्हता. त्याच्यापुढे नियमांचं पुस्तक होतं आणि दहा वर्षांखालील मूल ही त्यातली एक ओळ होती. इतकं नुसतं, बिनरंगाचं सत्य कल्पनेच्या हाती लागत नाही. वस्तुस्थितीच्या पुस्तकांना कोरडी म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावं. काका हे पान कितीदा वाचत असतील, याचा अंदाज त्या पासाच्या मळलेल्या कडेवरून येत होता. चाळीस वर्षं त्यांनी अर्धी तिकिटं लावली होती.

ग्रंथ परत करून आले आणि आमच्याकडच्या कपाटातून विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' काढलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. कॉलेजात असताना वाचलं होतं, ते प्रेमकथा म्हणून. बोटीवरचं प्रेम, समुद्र, ताटातूट. त्या वयाला एवढं पुरतं. आता वाचताना पहिल्यांदा जाणवलं ते साल. 1939.

चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीनं मुंबईला परततोय. एका बाईनं झिडकारल्यानंतर एकूण बायकांविषयी मनात कडू होऊन बसलेला, कशातच न गुंतण्याचा पण केलेला असा तो माणूस. काही फार चांगला नव्हे. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत. त्यांत हॅर्टा. ती त्याच्यावर हातचं काही न राखता प्रेम करते. मुंबई येते, तो उतरतो. तिला उतरता येत नाही, तिच्याजवळ उतरण्याचा परवाना नाही. बोट पूर्वेकडे निघून जाते, आणि पुढे हॅर्टा समुद्रात जीव देते.

माहितीची पुस्तकं या बोटीविषयी पुष्कळ सांगतात. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे 32 देश जमले होते, निर्वासितांचं काय करायचं हे ठरवायला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. दार उघडायची तयारी जवळजवळ कुणीच दाखवली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगात 'जे' हे अक्षर उमटू लागलं. नोव्हेंबरात एका रात्रीत देशभरातली प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, त्यानंतर तीसेक हजार पुरुष छावण्यांत डांबले गेले. शांघाय बंदर मात्र व्हिसा मागत नव्हतं, म्हणून हजारो जण तिकडे निघाले. जिनोआ आणि त्रिएस्तेहून सुटणाऱ्या इटालियन बोटी सुएझ ओलांडून मुंबईला थांबत, मग कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला पोचत. हॅर्टासारख्यांच्या वाटेतलं मुंबई हे एक बंदर होतं. गाडी जंक्शनवर थांबावी आणि फलाटावर आपलं कुणी नसावं, तसं.

हे सगळं ठाऊक असून मी 'रणांगण' वाचत होते आणि मला सारखं वाटत होतं की या बोटीवर सगळ्यांत जास्त माहिती माझ्याजवळ आहे. हॅर्टाहून जास्त, चक्रधरहून जास्त, खुद्द बेडेकरांहूनही जास्त. लिहिणारा तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. जे पुढे घडायचं होतं ते त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. माणसं मारण्यासाठी गॅसच्या कोठड्या अजून उभ्या राहिलेल्या नव्हत्या. अर्ध्या तिकिटाचा हिशेब अजून कुणी केलेला नव्हता. म्हणून या कादंबरीतले ज्यू 'बळी' नाहीत. ते प्रवासी आहेत. कुणी समुद्र लागून आडवा झालाय, कुणाला जेवणाची तक्रार आहे, कुणी पुढच्या गावी काय धंदा करता येईल याचा विचार करतोय. हॅर्टा हसते, रुसते, हट्ट करते.

हिल्बर्गच्या पुस्तकात ती सापडणार नाही असं नाही. सापडेल, पण एका आकड्यात. आणि आकड्यात सापडलेल्या माणसाचा शेवट आपल्याला त्याच्या आधी कळलेला असतो. इतिहासाचं पुस्तक उघडलं की 1938 नंतर 1939 येणार, हे पान उलटण्याआधी ठरलेलं असतं. तिथे भेटणारा प्रत्येक जण आपल्या मरणाची तारीख पाठीवर घेऊन हिंडत असतो. फक्त त्याला ती दिसत नाही. ही त्या पुस्तकांची चूक नव्हे. त्यांचं कामच ते आहे, शेवटाकडून मागे पाहण्याचं. कादंबरी मला डेकवर आणून सोडते, त्या दिवशीच्या उन्हात, जेव्हा उद्याचं कुणालाच काही माहीत नाही. काका म्हणतात, जे घडलं नाही ते कशाला वाचायचं. मला वाटतं, मी कादंबरी वाचते ती जे अजून घडलेलं नाही त्यासाठी. चुकायला वाव असलेला, आशेला जागा असलेला तो वेळ. आपण सगळे जगतो ते त्याच वेळात. काकांच्या फळीवरचे थोर पुरुषसुद्धा जगले ते त्यातच. चरित्र लिहिलं गेलं तेव्हा तो वेळ तेवढा वजा झाला.

मुंबईला उतरू शकलेलेही काही होते, हे इथे सांगायला हवं. वॉल्टर कॉफमन हा संगीतकार 1934 साली मुंबईत आला, आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला, 1946 पर्यंत इथे राहिला. रेडिओ सुरू करताच पहाटे जी ओळखीची सुरावट यायची, ती त्याची. आमच्या आईचा दिवस तिनं उगवायचा. शेगडीवर चहा, आणि ती धून. ही वस्तुस्थिती मला एका माहितीपर लेखात मिळाली आणि मी दोन दिवस तिच्याच नादात होते. म्हणजे खऱ्याचं मला वावडं नाही. उलट अशी एखादी माहिती हातात आली की पहिला विचार येतो, हॅर्टा चार वर्षं आधी निघाली असती तर? माहिती अशी कादंबरीत घुसते. तिला कोण अडवणार?

कादंबरीचं समर्थन करायला अलीकडे लोक विज्ञानाला बोलावतात, याचा मला थोडा संकोच वाटतो. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. वाङ्मयीन कथा थोडा वेळ जरी वाचली तरी समोरच्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष. वाचणाऱ्यांना केवढा आनंद झाला होता! पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर तसं काही दिसेना. मला त्याचं दुःख झालं नाही. वाचून माणूस सहृदय होतो म्हणावं तर उत्तम वाचणारी आणि घरच्यांना छळणारी माणसं मी पाहिली आहेत. 'रणांगण'कडे मी टॉनिकची बाटली म्हणून पाहू शकत नाही.

आणि कादंबरी म्हटली की सगळीच मला प्रिय आहे, असंही नाही. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचं पीक उदंड. त्यांतल्या कित्येकींत माणसांना आपण इतिहास घडवतोय हे पहिल्या पानापासून कळलेलं असतं. ती चालतात पुतळ्यासारखी, बोलतात शिलालेखासारखी. सरदार बायकोशी बोलतो तेही पुढच्या पिढ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग कादंबरीतला कल्पित प्रसंग कुणीतरी भाषणात इतिहास म्हणून सांगतो, आणि त्याला कागद मागितला की भावना दुखावतात. हे वाचण्यापेक्षा काकांचा नेम बरा. शेजवलकरांचं 'पानिपत' घ्यावं आणि सैन्याला दाणागोटा कसा मिळेनासा झाला ते समजून घ्यावं.

इथे मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करणारा, मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापणारा, कागदाशिवाय बोलू नये असं बजावणारा हा माणूस. त्यानं 1902 मध्ये 'कादंबरी' या विषयावर प्रदीर्घ निबंध लिहिला. कुणी सांगितलं होतं? साधनांच्या ढिगात बसलेल्या या माणसाला कादंबरीकडे इतकं गंभीरपणे पाहावंसं वाटलं, याचा मला फार आधार वाटतो. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राजवाडे विक्षिप्तच होते."

घडलेलं आणि कल्पिलेलं शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, तर देवीच्या रोगाचं घ्या. तो रोग गेला. भारतानं त्याच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये हाती घेतला, देशातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, आणि 1980 मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसानं केलेल्या कामांत याच्याइतकं निर्मळ काम क्वचितच असेल, आणि त्याची हकिगत सांगणारी पुस्तकं कुणीही थरारून वाचावीत अशी आहेत. घरोघर फिरणारे कार्यकर्ते, दोन टोकांची ती लहानशी सुई, एकेका खेड्याभोवती घातलेला लसीचा वेढा. कार्यक्रम सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी नेमाड्यांची 'कोसला' आली. तिच्यात पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते.

निर्मूलनाचा इतिहास मला सांगतो की मनीसारखी लाखो मुलं गेली आणि पुढची वाचली. ते ऐकून बरं वाटतं. पण 'कोसला'तल्या त्या पानांवर बरं वाटण्याची सोयच ठेवलेली नाही. तिथे एक भाऊ आहे आणि त्याचा मेंदू नको तितक्या बारीकसारीक गोष्टी आठवत सुटलाय. त्याला पुढे लस घरोघर पोचणार असल्याचं सांगून काही उपयोग नाही. माझ्या माहितीत अशी माणसं आहेत जी 'कोसला' पुन्हा वाचताना तेवढा भाग ओलांडून जातात. घडलेल्या कुठल्या गोष्टीला माणूस इतकं टाळतो?

काकांचा माझा हा वाद मिटायची लक्षणं नाहीत. मध्यंतरी मी एक डाव टाकून पाहिला. बेडेकरांचं 'एक झाड आणि दोन पक्षी' त्यांना नेऊन दिलं. आत्मचरित्र आहे, साहित्य अकादमीनं 1985 साली गौरवलेलं आहे, म्हणजे नेमात बसणारं. काकांनी ते सावकाश वाचलं. बेडेकरांनी त्यात स्वतःला 'मी' म्हटलेलं नाही. स्वतःचीच गोष्ट तिऱ्हाइतासारखी सांगितली आहे. काकांना हे फार आवडलं. माणूस प्रामाणिक, म्हणाले; चौकशी अहवालात असंच लिहावं लागतं, स्वतःला बाजूला ठेवून. माझं म्हणणं, जन्मभर जे घडलं ते सांगायला बसल्यावर या माणसाला आधी स्वतःचं एक पात्र करून घ्यावं लागलं. काकांनी पुस्तक परत केलेलं नाही. त्यांच्या फळीवर ते चरित्रांत लावलंय, आणि मी गेले की त्यावरून आम्ही पुन्हा सुरू होतो.