सातारा ते सांगली : रेल्वेच्या वाटेवरचा आपला इतिहास

साताऱ्याहून सांगलीला जायचे म्हटले की बहुतेक जण एस.टी. धरतात. पण वाचकहो, मुलाबाळांना घेऊन एकदा तरी हा प्रवास रेल्वेने करा. पॅसेंजर रखडते, पोरे कंटाळतात, हे खरे. तरीही पुणे-मिरज मार्गावरच्या या टापूत सांगण्यासारखे इतके आहे की वेळ पुरत नाही.

निघण्यापूर्वी साताऱ्याचे प्रतापसिंह हायस्कूल पाहावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने बाबासाहेब तेथे इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४. माझ्यासारख्या कारकुनाला अशा नोंदीचे मोल चटकन कळते. नोंद नसेल तर माणूस हजर होता हे कोण मान्य करतो? त्याच नोंदीच्या आधारावर २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

कोरेगाव, रहिमतपूर मागे टाकून गाडी मसूरला येते. इथे मुलांना खिडकीशी बसवावे. १९०१ च्या उन्हाळ्यात बालवयातले भीमराव घरातल्या मुलांबरोबर याच स्टेशनावर उतरले. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांना भेटायला ही मुले निघाली होती. अंगावर नवे सदरे, डोक्याला जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. न्यायला कोणी आले नाही, म्हणून स्टेशनमास्तरने चौकशी केली. "आम्ही महार," असे मुलाने भाबडेपणाने सांगताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसून हाकायला तयार होईना. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण प्यायला पाणी कोणी देईना. पाण्यावाचून जेवण कसे करायचे? मुले उपाशीच निजली.

ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली म्हणून. त्या दिवशी एखादा बातमीदार मसूरच्या फलाटावर असता, तरी त्याला ती बातमी वाटली असती काय? स्वराज्य, राष्ट्र, परकी सत्ता हे शब्द तेव्हाच्या पत्रांत रोज छापले जात होते. त्या राष्ट्रात ही तहानलेली मुले धरलेली होती की नव्हती, याचे उत्तर कोणी छापत नव्हते.

मसूरनंतर थोड्याच वेळात कराड. कराडजवळ कृष्णाकाठी टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. मसूर आणि टेंभू एकाच तालुक्यात! आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. समाजसुधारणेवरून मतभेद झाले तेव्हा त्यांनी ते पत्र सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. या माणसाविषयी आदर वाटतो. पण ते १८९५ मध्ये वारले, आणि १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. तरी ३१ जानेवारीला पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळत नसेल तर पत्रच आपले काढावे, हा धडा आपल्या चळवळीने तेव्हापासून घेतला आहे.

पुढे शेणोली. ७ जून १९४३ रोजी येथे प्रतिसरकारच्या तूफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. त्या वेळी वाळवा, तासगाव हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली हे नाव पडले. नाना पाटलांच्या या 'प्रतिसरकार'चे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, आणि तळपायाला पत्रे ठोकण्याच्या गोष्टी तेवढ्या लक्षात राहिल्या. न्यायनिवाडे, बिनखर्चाची लग्ने हे काम मागे पडले. शेणोलीच्या छाप्यातले कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड यांना 'गाडी लुटली' हा शब्द अखेरपर्यंत खटकत असे. इंग्रजांनी जनतेचा पैसा चोरला होता, तो आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. पत्रकार पी. साईनाथ यांनी अशा माणसांच्या घरी जाऊन त्यांचे बोलणे टिपले. २०२२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्याच वर्षी कॅप्टन भाऊ वारले. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर कोणाला विचारले असते?

किर्लोस्करवाडीहून कुंडल जवळच आहे. वाडी कारखान्याची, पण तेथूनही १९२० मध्येच एक मासिक निघाले, ते 'किर्लोस्कर खबर'.

त्याच वर्षी १ ऑगस्टला वाळवा तालुक्यातील वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. ज्यांना सरकारने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या मांग समाजातल्या इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या वीराला त्यांनी 'फकिरा'चा नायक केले. १९५९ ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगाव रेल्वेवर नाही. सांगलीत मुक्काम करून सकाळी इस्लामपूरची एस.टी. धरावी आणि तेथून पुढे जावे. दिवसभरात परत येता येते.