सनद स्थगित

आज बार कौन्सिलकडे सनद स्थगित करण्याचा अर्ज दिला. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, नियमच आहे. हायकोर्टापासून दलाल स्ट्रीट पायी दहा-बारा मिनिटांवर. मला तेवढं अंतर तोडायला चौदा वर्षं लागली. गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनीही १९६५मध्ये वकिली सोडली होती, हे घरी सांगून पाहिलं. आई म्हणाली, “त्यांचं त्यांना.”

नव्या ऑफिसात सगळे प्रॉस्पेक्टसमधला नफा आधी बघतात. मी मात्र अजून प्रलंबित खटले आणि तळटिपांपासूनच सुरू करते. काल तिथेच कंपनीने प्रवर्तकाच्या भावाला दिलेलं बिनव्याजी कर्ज सापडलं. कोर्टात असते तर तारीख मागितली असती. इथे चारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं.

काळा कोट ड्रायक्लीन करून कपाटात ठेवलाय. बँड अजून पर्समध्येच आहेत.