काकांची गोष्ट

आमच्या घरात कुणाचंही लग्न असलं, की जेवणं उरकल्यावर धाकटे काका मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून ती गोष्ट सांगायचे. १९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन संपलं, टाके घालून झाले, पण काका काही जागे होईनात. स्वतःचा श्वासही घेईनात. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आजोबांना कुणी काही सांगेना. आजीने कन्यका परमेश्वरीला नवस बोलला. चार तासांनी काकांचा श्वास परत आला.

काकांची खरी गोष्ट यापुढची. "मला सगळं ऐकू येत होतं," ते म्हणायचे. "सिस्टरच्या बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी म्हणालं, पोराचा बाप बाहेर बसलाय, त्याला आत्ताच काही बोलू नका. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, अरे मी जिवंत आहे! पण पापणीसुद्धा हलत नव्हती."

आम्ही मुलं श्वास रोखून ऐकायचो. मोठी माणसं हसायची. गुंगीत स्वप्नं पडतातच, म्हणायची. आजोबांनी तर "भूल चढली होती" एवढ्यावर विषय मिटवला होता. मोठा झाल्यावर मीही हसणाऱ्यांत जाऊन बसलो. काका मात्र प्रत्येक लग्नात, तितक्याच तळमळीने, बांगड्यांपासून सुरुवात करायचे.

त्या गोष्टीवर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस आम्हाला २०१२ साली नांदेडला भेटलं. त्या भूलतज्ज्ञ होत्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण आमच्या घराण्यावरचं त्यांचं ऋण कुठेतरी नोंदवायलाच हवं, म्हणून हे लिहितो आहे.

त्या पावसाळ्यात अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, पोटात उजवीकडे बरगडीखाली कळा यायला लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आधी एका दवाखान्यात तारीखही ठरली होती. तिथे भुलीचे डॉक्टर थेट ऑपरेशनच्या सकाळी येणार होते, तोपर्यंत फक्त रक्त-लघवी आणि ईसीजीचे कागद तयार ठेवायचे होते. घरात एक मयत झाली आणि ती तारीख हुकली. मग आम्ही नांदेडला आलो. इथले सर्जन म्हणाले, "आधी भुलीच्या मॅडमना दाखवून या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी तारीख देत नाही."

मॅडमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आम्ही टेकतोय तोच त्यांनी विचारलं, "ताई, जिन्याने आलात की लिफ्टने?" अक्का म्हणाली, जिन्याने. "मध्ये कुठे थांबावं लागलं?" नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. न थांबता दोन मजले चढणारं हृदय ऑपरेशनचा ताण सहसा सोसतं, हे त्यांनी मला नंतर समजावलं. त्या दिवशी असा एकही प्रश्न नव्हता ज्याच्यामागे काही कारण नव्हतं. दात हलतो का, कारण नळी घालताना तो पडून श्वासनलिकेत जाऊ शकतो. मान मागे किती वळते. रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का. मिश्री लावता का. वैद्याचं किंवा गावठी काही औषध चालू आहे का, "लपवू नका, मी रागावणार नाही." बीपीची गोळी कोणती, ती त्या सकाळी घ्यायची की नाही. ऑपरेशनच्या आधी सहा तास खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. अक्काने विचारलं, चहा? "दुधाचा चहा म्हणजे जेवणच समजा," त्या म्हणाल्या. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरलं तर काय होतं, हे त्यांनी न घाबरवता सांगितलं.

मग अक्काला समोर बसवून त्या म्हणाल्या, "मोठा आ करा, जीभ बाहेर काढा, आवाज करू नका." पडजीभ किती दिसते यावरून श्वासनलिकेत नळी घालणं सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज येतो. "ही तपासणी कुणाच्या नावाने ओळखतात माहीत आहे? मल्लंपाटी. आंध्रातून अमेरिकेत, बॉस्टनला गेलेले डॉक्टर. १९८५ साली त्यांनी हे लिहिलं." आमच्या घरी अजून मोडकंतोडकं तेलुगू बोलतात. बॉस्टनमधल्या तेलुगू माणसाचं नाव ऐकून अक्काचा चेहरा खुलला. मॅडमचंही तिकडे लक्ष गेलं असावं.

त्यांनी विचारलं, "घरात कुणाला ऑपरेशननंतर जाग यायला फार उशीर झाला होता का? श्वास लवकर आला नाही, असं?"

अक्का नाही म्हणाली. मीही नाही म्हणालो. आज ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. आम्ही खोटं बोलत नव्हतो. काकांची गोष्ट ही आमच्या लेखी लग्नाच्या मांडवात सांगायची गोष्ट होती, दवाखान्यात सांगायची माहिती नव्हती.

दुसरं कुणी असतं तर त्या रकान्यात आडवी रेघ मारून मोकळं झालं असतं. मॅडमनी केसपेपरवरचं आडनाव पुन्हा वाचलं. "घरी तेलुगू बोलता ना? राग मानू नका, मुद्दाम विचारते. तुम्ही आर्य वैश्य का?"

अक्काचा चेहरा एकदम बदलला. डॉक्टरच्या खोलीत जात विचारली गेली, याचा राग माझ्याही कानशिलांत चढला. मॅडमनी पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि बाहेर रांग असताना आम्हाला दहा मिनिटं दिली. नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून स्कोलिन नावाचं औषध देतात. ते पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण आपल्या रक्तातलं एक विकर, सुडोकोलिनेस्टरेज, ते भराभर फोडून टाकतं. काही माणसांत हे विकर जन्मतःच नसल्यासारखं असतं. एरवी त्यावाचून काही अडत नाही, माणूस शंभर वर्षं सुखाने जगेल. पण स्कोलिन दिलं तर ते तासन्‌तास उतरत नाही आणि तेवढा वेळ छातीचे स्नायूही हलत नाहीत. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांना तो आर्य वैश्य समाजात इतरांपेक्षा जास्त आढळला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी, त्यात मामाच्या मुलीशी लग्न. "मला तुमची जात नको आहे ताई," त्या म्हणाल्या, "तुमचं रक्त कसं आहे ते हवंय. आणि ते कळायला याहून जवळची वाट माझ्याकडे नाही."

आमच्या आईवडिलांचं लग्न असंच झालेलं. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "काकांची गोष्ट सांग की."

मी ती सांगितली, आणि सवयीने शेवटी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला, त्यावर चौकोन आणि गोल काढत आजी-आजोबांपासून आमच्यापर्यंत सगळं घर मांडलं. आईवडिलांमध्ये दुहेरी रेघ ओढली. काकांच्या चौकोनात त्यांनी गडद शाई भरली. "त्यांना घेऊन या. रक्त दोघांचंही पाठवू."

तिसऱ्या दिवशी काका धर्माबादहून सकाळच्या रेल्वेने आले. धोतर, पांढरा सदरा, सदऱ्याला मिरचीच्या आडतीचा वास. मॅडमनी त्यांना पहिलंच विचारलं, "काका, काय काय ऐकू येत होतं?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा चाललीय का, असं ते बघणं होतं. मग त्यांनी बांगड्यांपासून सुरुवात केली. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे स्वप्न नव्हतं. झोपेचं औषध उतरलं होतं, स्नायू सैल करणारं उतरलं नव्हतं. तुम्ही पूर्ण जागे होता."

काका काही बोलले नाहीत. उपरण्याने तोंड पुसलं, मग बराच वेळ ते उपरणं तोंडावरून काढलंच नाही. अडतीस वर्षं झाली होती.

रक्ताचा रिपोर्ट यायला काही दिवस लागले. काकांचं आणि अक्काचं, दोघांचंही विकर जवळजवळ नव्हतंच. ऑपरेशनला मॅडमनी स्कोलिनच्या जागी ॲट्राक्युरियम वापरलं, ते उतरायला या विकराची गरज लागत नाही. व्हेंटिलेटरची खाट राखून ठेवली होती, ती लागली नाही. अक्का वेळेवर जागी झाली. ऑपरेशनबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरी सोडताना मॅडमनी हाताने लिहिलेला एक कागद दिला: या व्यक्तीस स्कोलिन देऊ नये, कारण अमुक, तपासणी तमुक तारखेची. "हा लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवा. बेशुद्ध झालात तर तुमच्या वतीने हा बोलेल." आणि मला म्हणाल्या, "तो चौकोन-गोलांचा कागद तुम्ही न्या. मला जेवढं घर माहीत होतं तेवढं मांडलं. उरलेलं तुमच्याकडे."

तो कागद आता वहीत चिकटवला आहे आणि त्याला पुढे पुष्कळ पानं जोडली गेली आहेत. माझं स्वतःचं विकराचं प्रमाण मधलं निघालं, म्हणजे दोष एकाच बाजूने आलेला. धाकट्या बहिणीचं ठीक निघालं. देगलूर, बिलोली, निजामाबाद, जिथे आमच्यातलं लग्न असतं तिथे मी वही घेऊन जातो. जेवणं उरकली की वडीलधाऱ्यांजवळ बसतो आणि मॅडमचाच प्रश्न विचारतो, पण त्यांच्यासारखा दोनदा विचारतो. पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात. "भूल चढली होती असं कुणाबद्दल ऐकलंय का?" असं विचारलं, की कुणीतरी म्हणतं, थांब, आमच्या मावशीचं एकदा असं झालं होतं. निजामाबादच्या एका मावसबहिणीला घाईघाईने ऑपरेशनला घेतलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने पाकिटातला कागद काढून डॉक्टरांपुढे धरला. तो कागद या वहीमुळे तिच्याकडे पोचला होता.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी अक्काला दाखवायला गेलो, तेव्हा काका हट्टाने बरोबर आले. येताना मॅडमसाठी मिरचीची पिशवी आणली होती. ती देऊन झाली तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "बाई, तेव्हा मशीन नव्हतं. मग चार तास मला श्वास कुणी दिला?"

मॅडम आत गेल्या आणि रबराचा काळा फुगा घेऊन आल्या. काकांच्या हातात दिला. "असा दाबत बसले असणार कुणीतरी. दाबायचा, सोडायचा."

"मिनिटाला किती वेळा?"

"बारा तरी."

काकांनी फुगा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. आडतीच्या गादीवर बसून हिशेब करताना त्यांचे ओठ हलायचे, तसे हलत होते.

"दोन हजार आठशे ऐंशी," काका म्हणाले, आणि फुगा दाबत राहिले.