एका शब्दाने काढलेली रात्र

मैत्रिणींनो, दवाखान्याचा कागद हाती आला की तो न वाचताच घडी घालून पर्समध्ये टाकणाऱ्या तुमच्यात किती जणी आहेत, खरं सांगा! मीही त्यातलीच होते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. १९८१ साली दहावीला मला त्या विषयात ३८ गुण मिळाले, तेव्हा घरात पेढे वाटले होते. पुढे लग्न झाले, मेहकरला आले, आणि इंग्रजीची नि माझी गाठ पडली ती फक्त साबणाच्या वेष्टनावर.

२००९ सालची गोष्ट. माझ्या छातीत एक गाठ लागली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेव्हाच्या औरंगाबादला पाठवले. गाठीचा तुकडा काढून तपासणीला गेला. आठ दिवसांनी आम्ही दोघे रिपोर्ट आणायला गेलो, तर डॉक्टर गावाला गेलेले. खिडकीतल्या मुलीने पाकीट पुढे सरकवले आणि म्हणाली, "डॉक्टर सोमवारी भेटतील." तो दिवस होता शुक्रवार.

एस.टी.त बसल्यावर पाकीट उघडले. सगळ्या गिचमिडीत दोनच शब्द ठळक होते. त्यातला 'ट्यूमर' मला सिनेमामुळे ठाऊक होता, आणि सिनेमात तो झालेला माणूस वाचत नाही हेही ठाऊक होते! त्याच्या आधीचा शब्द मी अक्षरे जुळवून 'बेनिग्न' असा वाचला. ह्यांना दाखवला. ह्यांचेही इंग्रजी माझ्याच पंक्तीतले. त्यांनी कागद हळूच माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जालना गेले, सिंदखेडराजा गेले, चार तासांत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही. शेजारच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं होती. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. पण लाज वाटली बाई. साडी नेसलेली, पर्स घेतलेली बाई, आणि तिला एवढा शब्द येऊ नये!

घरी आल्यावर स्वयंपाक केला, वाढले, भांडी घासली. पोरांकडे बघवेना. रात्री सगळे झोपल्यावर नववीतल्या मुलीच्या दप्तरातून डिक्शनरी काढली आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली शब्द शोधला. अर्थ लिहिला होता : सौम्य, निरुपद्रवी. मी तो तीनदा वाचला. मग ह्यांना उठवले. हे जागेच होते.

सोमवारी डॉक्टरांनीही तेच सांगितले. त्यांच्या तोंडून कळले की त्याचा उच्चार 'बिनाइन' असा आहे, मधला 'ग' मुका आहे. पुढे ती गाठ काढून टाकली, आता काही त्रास नाही. पण त्या मुक्या 'ग'चे माझ्या डोक्यातून जाईना. बोलायचे नाही तर ठेवलाय कशाला?

आमच्या वाचनालयात एक जाडजूड ऑक्स्फर्डचा शब्दकोश आहे. त्यात शब्दाच्या शेवटी त्याचे कूळमूळ दिलेले असते. मुलीला घेऊन बसले. 'बेने' म्हणजे लॅटिनमध्ये चांगले, आणि पुढचे 'ग्न' हे जन्माचे. आपल्या 'जन' धातूचेच ते भावंड! म्हणजे बिनाइन म्हणजे सुजन. आणि त्याच्या उलट, जो शब्द कोणाच्याही कागदावर येऊ नये असे आपण म्हणतो, तो 'मॅलिग्नंट' म्हणजे दुर्जन. 'मॅल' म्हणजे वाईट. मलेरियातला 'मल' तोच. जुने लोक समजत की तो ताप वाईट हवेने येतो, म्हणून इटलीच्या भाषेत 'वाईट हवा' असे त्याचे नाव पडले. आणि ज्या ट्यूमरने माझा जीव घेतला होता, त्याचा मूळ अर्थ नुसती सूज!

संस्कृत, लॅटिन, ग्रीक या एकाच घरच्या असाव्यात, असे विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितले होते म्हणे. मला ते पन्नाशीकडे झुकताना कळले.

तेव्हापासून मी वही घातली. ए-बी-सी-डीप्रमाणे शब्द पाठ करायला गेलात तर आठ दिवसांत कंटाळाल, अनुभव आहे. त्यापेक्षा एका पानावर एक घराणे लिहा. दूध तापेपर्यंत एक शब्द होतो. 'जन'च्या पानावर माझ्याकडे जनरेटर आहे, जनरेशन आहे. आपल्या खामगाव-मलकापूरकडे बायका 'जीनात कामाला जाते' म्हणतात ना, ते सरकी काढायचे जीनसुद्धा तिथलेच! 'जीन' हे 'एंजिन'चे छाटलेले रूप, आणि एंजिनचे मूळ लॅटिनमध्ये 'उपजत बुद्धी'.

दुसरे पान आहे श्वासाचे, म्हणजे 'स्पायर'चे. पाकिटावरची एक्स्पायरी म्हणजे श्वास सोडणे. रेस्पिरेशन म्हणजे पुन्हा पुन्हा श्वास घेणे. आणि एकमेकींच्या कानाशी लागून श्वास घेणे म्हणजे कॉन्स्पिरसी, कट! दुपारच्या वेळी माजघरात जावाजावांचे काय चालते, हे त्या लॅटिन लोकांना कसे कळले कोण जाणे.

मात्र नुसत्या मुळावर विसंबू नका बरं का. पेडल म्हणजे पायाने चालवायचे, म्हणून पेडिॲट्रिशियन म्हणजे पायाचा डॉक्टर, असे मी नातवाच्या वेळी सुनेला ठासून सांगितले. तो 'पेड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल. सून आठ दिवस हसत होती. आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तर रडू नका. पुष्कळदा दवाखान्यात नकार हाच आनंदाचा असतो, पण कसला नकार ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.

गेल्या महिन्यात धाकट्या जाऊबाई आल्या. चार पायऱ्या चढून दम लागलेला, तोंड पांढरेफटक. पर्समधून चुरगळलेला कागद काढला. "बाई, हे कायचं लिहिलं वो? मायी ईचारायची हिंमत नाही झाली." कागदावर 'ॲनिमिया' होते, आणि खाली हिमोग्लोबिन ८.

मी वही काढली. "हे बघ, 'अन्' म्हणजे नाही. आपल्या अनादरात, अनोळखीत असतो तोच. आणि पुढे ग्रीकांचे रक्त."

"म्हंजे रक्त नाही?"

"कमी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या का?"

दिल्या होत्या. दोन महिन्यांपासून फ्रिजवर पडून होत्या. ताकदीच्या असतील, आपल्याला काय करायच्या, म्हणून त्यांनी पाकीटच फोडले नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. आधी पाकिटावरची एक्स्पायरी दोघींनी मिळून वाचली, मग त्यांनी पहिली गोळी घेतली.